आकडा कुणाच्या हातात?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते रसायनशास्त्राचे शिक्षक होते. प्रयोगवहीत कुणी नुसता आकडा लिहिला तर ते वही परत करत. कुणी मोजलं, कधी मोजलं आणि कशानं मोजलं, हे आकड्याशेजारी लिहिलेलं हवं, असा त्यांचा दंडक होता. मोठ्या कारखान्यांच्या पर्यावरण व्यवस्थापनाबद्दल आज जे मांडणार आहे, ते त्यांच्या या दंडकाला धरूनच.

या विषयावर बोलताना दोन ठरावीक सूर लागतात. पहिला सूर म्हणतो, कंपन्या मुळातच लबाड. दुसरा सूर कंपन्यांच्या अहवालांतला: गुळगुळीत कागद, हिरवं मुखपृष्ठ आणि हातात रोप घेतलेले संचालक. मी उमेदीची बरीच वर्षं रासायनिक कारखान्यांच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रांवर काढली. त्यावरून सांगतो, या दोन्ही सुरांनी काहीच उलगडत नाही. सांडपाण्याची मनापासून काळजी करणारी माणसं कंपनीत असतात. महिनाअखेरीला उत्पादनाचं टार्गेट गाठायचं म्हणून घायकुतीला आलेली माणसंही त्याच कंपनीत असतात. या दोघांत कुणाचं चालेल, हे त्यांच्या सज्जनपणावर ठरत नाही. फाटकाबाहेर कुणाला काय कळणार आहे, यावर ते ठरतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: जो आकडा कंपनीच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हातात गेला आहे, तेवढ्याचंच व्यवस्थापन ती मन लावून करते.

आधी जपानकडे पाहू. क्यूशू बेटावरच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीनं १९३२ साली ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन सुरू केलं. त्यात पाऱ्याचा उत्प्रेरक लागे. सांडपाणी समुद्रात जाई आणि त्यातला मिथाइल पारा माशांमधून कोळ्यांच्या पोटात जाई. हातपाय थरथरणं, बोबडी वळणं, झटके, मृत्यू अशी लक्षणं दिसू लागली. १ मे १९५६ रोजी डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अनोळखी आजाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. हे डॉक्टर चिस्सोच्याच रुग्णालयाचे प्रमुख होते. १९५८ मध्ये कंपनीनं सांडपाण्याची वाट बदलली. पूर्वी ते बंदरात पडे, आता ते मिनामाता नदीच्या मुखाशी सोडलं जाऊ लागलं. थोड्याच काळात त्या बाजूच्या वस्त्यांमध्येही रुग्ण दिसू लागले.

होसोकावा मांजरांवर प्रयोग करत होते. ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी अन्नात मिसळून त्यांनी ते एका मांजराला खाऊ घातलं. वहीत या मांजराचा क्रमांक होता ४००. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याला नेमका तोच आजार झाला. निष्कर्ष व्यवस्थापनाला कळला आणि तिथंच दाबला गेला. दोन महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, कंपनीनं ‘सायक्लेटर’ नावाचं शुद्धीकरण यंत्र थाटामाटात सुरू केलं. अध्यक्षांनी त्यातलं म्हणून पेलाभर पाणी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. पण विरघळलेला सेंद्रिय पारा काढणं हे त्या यंत्राचं कामच नव्हतं, आणि ज्या विभागातून पारा येत होता तिथलं पाणी त्या वेळी त्यातून जातही नव्हतं. उत्पादन पुढं १९६८ पर्यंत चाललं. मरणपंथाला लागलेल्या होसोकावांनी १९७० मध्ये साक्ष दिली आणि १९७३ मध्ये न्यायालयानं कंपनीला दोषी ठरवलं.

मिनामाताकडे आपण फक्त क्रौर्याची गोष्ट म्हणून पाहतो, तेव्हा तिच्यातला व्यवस्थापनाचा धडा निसटतो. कंपनीकडे ज्ञान होतं, तज्ज्ञ होते, यंत्र घ्यायला पैसाही होता. सांडपाण्याची वाट बदलणं हाही व्यवस्थापनाचाच निर्णय होता. तक्रार जिथून येत होती तिथून पाणी हललं, एवढंच. एका मांजराची नोंद कंपनीच्या कपाटात राहिली आणि त्या नोंदीला बाहेर मालक नव्हता. ती कोळ्यांच्या सहकारी संस्थेत, नगरपालिकेत किंवा विद्यापीठात पोचली असती, तर सायक्लेटरचा समारंभ झालाच नसता.

आता आपल्या घरच्या जखमेकडे येतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. रुग्णालयांत माणसांची रीघ लागली, पण नेमका कोणता वायू आहे आणि त्यावर उपचार काय, हे तिथल्या डॉक्टरांना सांगणारं कुणी नव्हतं. तो फक्त डोळ्यांची आग करतो, असा निरोप त्यांना मिळाला. भिंतीच्या आत काय साठवलं आहे, हे भिंतीला लागून राहणाऱ्या वस्तीला माहीत नसणं, हा त्या रात्रीचा निम्मा अपघात होता.

याच कंपनीचा एक कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी होता आणि मिथाइल आयसोसायनेट तिथंही बनत असे. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथं दुसऱ्या एका रसायनाची गळती होऊन शंभरावर माणसं रुग्णालयात गेली. आता अमेरिकन संसद हलली. १९८६ मध्ये तिथं कायदा झाला. मोठ्या कारखान्यांनी ठरावीक विषारी रसायनं दरवर्षी किती प्रमाणात हवेत, पाण्यात आणि जमिनीत सोडली, याचा आकडा कारखान्यागणिक जाहीर करायचा. नवी मर्यादा घातली नव्हती, दंड वाढवला नव्हता. फक्त सांगायचं होतं.

या सांगण्यानं काय झालं? मोन्सँटो कंपनीच्या प्रमुखांनी १९८८ मध्ये जाहीर केलं की विषारी वायूंचं आपलं उत्सर्जन १९९२ अखेर ९० टक्क्यांनी कमी करू. तसं करायला कायद्यानं सांगितलेलं नव्हतं. वर्तमानपत्रांत जिल्ह्यागणिक याद्या छापून येऊ लागल्यावर अनेक कंपन्यांच्या वरिष्ठांनी आपल्याच कारखान्यांचा एकूण आकडा पहिल्यांदा एका पानावर पाहिला. आकडे कंपन्यांनीच भरलेले होते आणि काही घट नुसती हिशेबाची पद्धत बदलून कागदावर झालेली होती, हे लगोलग सांगायला हवं. तरीही भिंतीबाहेर गेलेल्या आकड्यानं कंपनीच्या बैठकीत खुर्ची मिळवली.

आपल्याकडेही भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये फॅक्टरीज ॲक्टमध्ये कलम ४१ब घालण्यात आलं. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्यानं कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना धोक्यांची माहिती द्यावी, असं या कलमानं सांगितलं. म्हणजे ज्या तत्त्वावर अमेरिकेनं आपली यादी उभी केली, ते आपल्या कायद्यातही लिहिलेलं आहे. पण माहिती देण्याचं कर्तव्य सांगितलं गेलं आणि ती एका जागी, सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवण्याची यंत्रणा मागं राहिली. आपण भर दिला तो परवानगीवर. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचा ‘कन्सेंट’ हवा, त्यात मर्यादा लिहिलेल्या, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे तपासायला सॅम्पल.

सॅम्पल कोण घेतं, हा पुढचा प्रश्न. त्याचं आजवरचं सर्वांत स्वच्छ उत्तर गुजरातमधून आलं. तिथं उच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ पासून प्रदूषणकारी कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून पर्यावरणीय तपासणी करून घ्यावी लागे. तपासणारा बाहेरचा, पण त्याला निवडणार कारखाना आणि त्याची फीही देणार कारखानाच. विद्यार्थ्यानं आपला परीक्षक स्वतः निवडावा आणि पेपर तपासायचे पैसेही आपणच द्यावेत, तसा हा मामला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागांतल्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला.

जुन्या पद्धतीत धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने लेखापरीक्षकांच्या अहवालात ७ टक्के होते. स्वतंत्रपणे मोजल्यावर ते ५९ टक्के निघाले. मर्यादा होती घनमीटरला १५० मिलिग्रॅम आणि अहवालांतले आकडे बरोबर १५० च्या किंचित खाली दाटीवाटीनं बसलेले. प्रयोगातल्या निम्म्या कारखान्यांसाठी मग रचना बदलली. लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसा नेमला गेला, त्याची फी ठरावीक आणि ती एका सामाईक निधीतून, आणि त्याच्या काही मोजण्या दुसरं पथक अचानक जाऊन पुन्हा करणार. त्याच व्यवसायातली माणसं खरं लिहू लागली. आणि खरं लिहिलं जाणार हे कळल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

याच काळात याच मंडळानं आणखी एक प्रयोग केला. काही कारखान्यांकडे निरीक्षकांच्या फेऱ्या जवळपास दुप्पट केल्या. प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे दरवेळी मागणी होते ती ‘तपासण्या वाढवा’ अशी. तपासणी वाढण्यापेक्षा तपासणाऱ्याचा पगार कुठून येतो हे बदलणं जास्त कामाचं ठरतं, असं हे दोन प्रयोग शेजारी ठेवल्यावर दिसतं.

सुरतनं पुढं आणखी एक पाऊल टाकलं. २०१९ मध्ये तिथं धूलिकणांचा बाजार सुरू झाला. सगळ्या सहभागी कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडायची याची कमाल मर्यादा ठरली आणि त्या मर्यादेतले परवाने कारखान्यांनी आपापसांत विकायचे-घ्यायचे. चिमणीत अखंड मोजणारं यंत्र बसवलं गेलं. धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटले, असं अभ्यासात दिसलं. बाजार या गोष्टीची मला भक्ती नाही. पण त्या व्यवहारात आकड्याला पहिल्यांदा किंमत आली, आणि तो खोटा असेल तर मंडळाबरोबरच शेजारच्या प्रामाणिक कारखानदाराचंही नुकसान होऊ लागलं.

महाराष्ट्राचं नावही इथं घ्यायला हवं. आपल्या मंडळानं जून २०१७ मध्ये स्टार रेटिंगची योजना आणली. चिमणीच्या तपासणीवरून कारखान्याला एक ते पाच स्टार, आणि ते लोकांना पाहता येतील असे. कल्पना चांगली आहे. पण ती चिमणीपुरती आहे आणि आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींचं खरं दुखणं नाल्यात आहे.

तारापूर, डोंबिवली, अंबरनाथ, महाड, लोटे, पाताळगंगा ही नावं घेतली की रसायनाचा वास येतो. या वसाहतींत सीईटीपी, म्हणजे सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत. प्रत्येक कारखान्यानं आपल्या ईटीपीत पाणी ठरावीक पातळीपर्यंत आणायचं, मग ते सामाईक वाहिनीतून केंद्रात. हिशेबाला हे उत्तम. अडचण एवढीच की वाहिनीत सगळ्यांचं पाणी एकत्र होतं. रात्री दोन वाजता केंद्रात सीओडी, म्हणजे पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप, अचानक वर गेला आणि टाकीतले जिवाणू मेले, तर ते कुणी केलं? सकाळी प्रत्येक कारखान्याच्या वहीत आकडा मर्यादेच्या आतच असतो. अनेकांचा आकडा एकत्र केला की तो कुणाचाच राहत नाही. आणि जे वाहिनीत सोडता येत नाही ते टँकरनं जातं. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरनं ओतलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या टँकरमधला माल कुठल्यातरी फाटकातून बाहेर पडलेलाच होता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना चोवीस तास ऑनलाइन मोजणी बंधनकारक केली. माणसाचा हात काढून घेतला की लबाडी संपेल, असा विश्वास त्यामागं आहे. यंत्राचं मी स्वागत करतो, पण त्याचा प्रोब पाण्यात बुडवणारा हात माणसाचाच असतो. वाहत्या पाण्याऐवजी तो स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवला, तरी यंत्र बादलीतलं खरंच सांगणार. कॅलिब्रेशन कुणी करायचं आणि पैसे कुणी द्यायचे, हा गुजरातचाच प्रश्न इथंही पुन्हा उभा राहतो.

इथवर मी मोजलेल्या आकड्यांबद्दल बोललो. काय मोजायचं हेच कंपनीच्या हातात असेल तर? अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीनं १९७५ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला: प्रदूषण उगमापाशीच टाळा, त्यात पैसा वाचतो. जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत त्याचं उदाहरण दिलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच दशकात कंपनीला आपल्या कामगारांच्या रक्तात फ्लोरिनची संयुगं सापडत होती. पीएफएएस म्हणून आज जी रसायनं आपण ओळखतो, निसर्गात न विघटणारी, त्यातली ही. ती कुठल्याच यादीत नव्हती, म्हणून वाखाणल्या गेलेल्या कार्यक्रमात त्यांना जागाही नव्हती. त्यातल्या एका मुख्य संयुगाचं उत्पादन थांबवण्याची घोषणा कंपनीनं मे २००० मध्ये केली, आणि २०२३ मध्ये पाणीपुरवठा संस्थांशी १० अब्ज डॉलरहून मोठ्या रकमेची तडजोड केली.

हे रसायनकूळ आता आपल्या उंबऱ्यात आहे. इटलीत विचेंझाजवळच्या मितेनी कारखान्यानं याच रसायनांनी तीन लाखांहून अधिक लोकांच्या परिसरातलं पाणी दूषित केलं. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं त्याच्याशी संबंधित माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये एका भारतीय कंपनीनं विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आली. यंत्र आलं म्हणजे तिथलं प्रदूषणही आलं, असं मी म्हणत नाही. ते यंत्र नीट चालवता येतं. पण यंत्राबरोबर इटलीतल्या लोकांनी रक्त देऊन मिळवलेली मोजमापांची यादी आपोआप येत नाही. पीएच, बीओडी, सीओडी या नेहमीच्या चाचण्यांना ही संयुगं दिसत नाहीत. पाणी सगळ्या रकान्यांत उत्तीर्ण होऊन दाभोळच्या खाडीत जाऊ शकतं. म्हणून लोट्याच्या लोकांनी ‘मर्यादा पाळता का’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘काय काय मोजता’ हा विचारावा.

आता बड्या कंपन्यांच्या अहवालांकडे येऊ. सेबीनं मे २०२१ मध्ये जबाबदारी आणि शाश्वततेच्या अहवालाचा नमुना आणला. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. पाणी किती घेतलं, किती सोडलं, कार्बन किती, घातक कचरा किती, सगळं त्यात येतं. पण ते येतं संपूर्ण कंपनीचं मिळून. मुंबईतल्या गुंतवणूकदाराला अकरा कारखान्यांची बेरीज कळते. तारापूरच्या मच्छीमाराला आपल्या खाडीत काय गेलं ते त्या बेरजेतून काढता येत नाही. भांडवल पुरवणाऱ्याला आकडा मिळाला, शेजाऱ्याला नाही.

मग करायचं काय? नवा कायदा मागण्यापूर्वी जुन्या कपाटातला एक कागद काढू. फॉर्म पाच म्हणून ओळखलं जाणारं पर्यावरण विवरणपत्र कन्सेंट लागणाऱ्या उद्योगांनी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं असतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते आहे. त्यात नुसतं प्रदूषण लिहायचं नसतं. एकक उत्पादनामागं पाणी किती लागलं, कच्चा माल किती लागला, हेही लिहायचं असतं. केमिकल इंजिनिअरला यातली ताकद लगेच कळेल. कारखान्यात जेवढं आत गेलं तेवढं कुठल्यातरी रूपात बाहेर आलंच पाहिजे. शंभर टन सॉल्व्हंट विकत घेतलं, मालात काही गेलं नाही, परत मिळवून वापरलं तेही धरलं, आणि वर्षअखेरीला टाकीत दहा टन उरलं. मग नव्वद टन हवेत गेलं, पाण्यात गेलं, किंवा कचरा म्हणून फाटकाबाहेर गेलं. चौथी वाट नाही.

या हिशेबाची गंमत अशी की त्याचे आकडे पर्यावरण विभाग बनवत नाही. पाण्याचं बिल एमआयडीसीचं, खरेदीची नोंद जीएसटीत, घातक कचऱ्याची पावती विल्हेवाट केंद्राकडे. सॅम्पलच्या बाटलीत खोटं पाणी भरता येतं. पण खरेदीच्या चलनात खोटं लिहायचं तर आयकराला, जीएसटीला, बँकेला आणि पुरवठादाराला एकाच वेळी फसवावं लागतं. हे तीन हिशेब फॉर्म पाचशी जुळवणारी दोन माणसं मंडळाच्या प्रत्येक प्रादेशिक कार्यालयात बसवली, तर डझनभर भरारी पथकांपेक्षा जास्त उजेड पडेल, असं माझं मत आहे. मोठ्या कंपन्यांतले चांगले पर्यावरण अधिकारी हा ताळेबंद आतल्या आत मांडतातही, कारण हरवलेलं सॉल्व्हंट म्हणजे हरवलेला पैसा. तो उत्पादनप्रमुखाच्या पुढ्यात ठेवायला त्यांना बाहेरचा आधार हवा असतो.

तेव्हा मागण्या तीन. कारखान्याच्या तपासणीचे पैसे सामाईक निधीतून जावेत आणि तपासणारा चिठ्ठीनं ठरावा. फॉर्म पाच कारखान्यागणिक, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा खुला करावा आणि बाकीच्या हिशेबांशी जुळवावा. आणि मोजण्याच्या यादीत काय असावं हे ठरवताना त्या खाडीवर जगणाऱ्यांना जागा असावी. प्रामाणिक कंपनीला यातलं काहीच जड नाही. आज तिचा खरा आकडा आणि शेजारच्याचा बनवलेला आकडा एकाच भावानं विकला जातो. तोटा होतो तो तिचाच.

तिन्ही मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर एक काम इथल्या कुणालाही करता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००३ च्या आदेशानं घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांना फाटकावर फलक लावणं बंधनकारक झालं. आत कोणती रसायनं आहेत, किती आहेत, सांडपाणी आणि कचरा किती, हे त्यावर लिहायचं असतं. आपल्या वसाहतीत जा, तो फलक शोधा. नसेल तर का नाही, हे ग्रामपंचायतीच्या ठरावानं विचारा. असेल तर त्यावरची तारीख वाचा. गेल्या वर्षीची असेल तर यंदाची मागा. आकडा छापील असेल तर तो कुणी मोजला ते विचारा. ज्या फाटकाबाहेर असं विचारणारी दहा माणसं नियमानं उभी राहतात, त्या फाटकाच्या आतल्या पर्यावरण अधिकाऱ्याचं बैठकीतलं वजन वाढतं. ते वाढवणं आपल्या हातात आहे.